सॅन अँटोनिओ: बिशप, बायबल शाळा आणि पावसाचं पाणी

आज टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला जाऊया. इथे दर दहा माणसांत सहाहून जास्त हिस्पॅनिक, बहुतेक मेक्सिकन मुळांचे.

1739 म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पा आणि वसई आठवते. त्याच्या आदल्याच वर्षी इथे सॅन फर्नांडो चर्चचा पाया घातला गेला. कॅनरी बेटांवरून आलेल्या कुटुंबांचं हे चर्च, आज कॅथेड्रल आहे. आता सांगा, एवढ्या जुन्या कॅथलिक मुलखात मेक्सिकन वंशाचा बिशप कधी झाला असेल? 1970 साली! आणि तोही अख्ख्या अमेरिकेतला पहिला. मला आधी छपाईची चूकच वाटली. पॅट्रिक फ्लोरेस हे त्यांचं नाव, शेतमजुरी करणाऱ्या घरातले.

इव्हँजेलिकल मंडळी इथे फार आधी जागी झाली होती. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथाने 1926 मध्येच सॅन अँटोनिओत स्पॅनिश भाषिकांसाठी बायबल शाळा काढली. कॅथलिक पाद्री व्हायचं तर सेमिनरीत कित्येक वर्षं, वर आजन्म ब्रह्मचर्य. इकडे बायकामुलं असलेला कष्टकरी माणूसही थोड्या शिक्षणावर पास्टर होई. लोक तिकडे वळले, त्याचं कारण नुसत्या धर्मशास्त्रात शोधून चालणार नाही, असं मला वाटतं. समोर उभा राहून बोलणारा आपल्यातला होता ना!

पण कॅथलिकांकडे एक गोष्ट होती: पॅरिश, म्हणजे चर्चभोवतीची वस्ती. शहराच्या वेस्ट साइडला जोराचा पाऊस झाला की पाणी थेट घरात. निचऱ्याच्या काही योजना 1945 पासून कागदावर पडून होत्या. 1974 मध्ये एर्नेस्तो कोर्तेस या कार्यकर्त्याने पॅरिशमधल्याच लोकांना, म्हणजे चर्चची जत्रा आणि शाळेच्या पालकसभा चालवणाऱ्या बायाबापड्यांना, जोडून ‘कॉप्स’ ही संघटना बांधली. 1975 मध्ये ही माणसं जॉस्कीज या बड्या दुकानात शिरली आणि कपडे घालून बघत बसली, विकत काहीच घेईनात. मग फ्रॉस्ट बँकेत रांग लावून नोटांची चिल्लर करायची आणि चिल्लरच्या परत नोटा. दंगा नाही, शिवी नाही, पण सगळा धंदा ठप्प. (आपल्या मोर्चेवाल्यांना हे का सुचत नाही, कोण जाणे!) शहराच्या मोठ्या लोकांना बोलणी करावी लागली. वेस्ट साइडला गटारं आली, रस्ते आले.

मग कॅथलिक जिंकले म्हणायचं का? प्यू या संस्थेची देशभराची पाहणी बघा. 2010 मध्ये 67 टक्के हिस्पॅनिक प्रौढ स्वतःला कॅथलिक म्हणत, 2022 मध्ये 43. हे सगळे इव्हँजेलिकल झाले असतील असा माझा अंदाज होता, तो साफ चुकला. त्यांचा वाटा फारसा हललाच नाही. ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे मात्र 10 वरून 30 टक्क्यांवर गेले.