मैदान कुणाचे?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. प्रवेश मिळाला, बरोबरीची जागा नाही. शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या तरटावर बसावे लागले.

सातारा-सांगलीच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला नागपूरचा अखिलेश पॉल आठवतो. २००१ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. तिथेच घडलेला अखिलेश २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता. पुढे तो वस्तीतल्याच पोरांचा प्रशिक्षक झाला.

२०२२ मध्ये बारसेंच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. लोक म्हणाले, फुटबॉलने पोरं सुधारली. आम्हाला हे मान्य नाही. पोरं बिघडलेली नव्हती, मैदान बंद होते. गुणवत्ता मोजण्याआधी संधी कुणाला मिळाली, हे विचारा!

कर्णधारपद एकालाच मिळते. प्रशिक्षक मात्र मिळालेली संधी दहाजणांत वाटतो. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ याचा मैदानावरचा अर्थ हाच. मग पुढच्या जयंतीला डीजेचा खर्च वाचवून आपल्या वस्तीत चेंडू आणि प्रशिक्षक का आणू नये?

जय भीम!