एका बटणाचा इतिहास: ‘आत्ता इन्स्टॉल करा’ की ‘नंतर आठवण करा’?

#थ्रेड #इतिहास

१/ २०१७ सालच्या २३ जानेवारीस ॲपल कंपनीने आयफोनसाठी आयओएस १०.२.१ हे अपडेट प्रसृत केले. सोबतच्या टिपणात दोनच गोष्टी नमूद होत्या: काही दोष दूर केले आहेत आणि सुरक्षितता वाढवली आहे. दोन्ही विधाने खरी होती. तरीही याच अपडेटपायी पुढे कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, दोन देशांत दंड सोसावा लागला आणि जगभरच्या फोनधारकांच्या मनात एक संशय घर करून बसला. त्या संशयाचा आणि त्याच्या रास्तपणाचा हा मागोवा.

२/ साध्या मोबाइलच्या काळात हा प्रश्नच नव्हता. विकत घेतलेल्या फोनातील सॉफ्टवेअर बहुधा शेवटपर्यंत तेच राही. २००७ मध्ये आयफोन आला, तेव्हाही नवी आवृत्ती घ्यायची तर फोन तारेने संगणकाला जोडावा लागे. २००८ मध्ये आयपॉड टच बाळगणाऱ्यांना तर नव्या आवृत्तीसाठी सुमारे १० डॉलर मोजावे लागले होते. अपडेट ही तेव्हा विकत घेण्याची वस्तू होती. ग्राहक ती मागे आणि मगच ती मिळे.

३/ ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या आयओएस ५ पासून आयफोनला तारेची गरज उरली नाही. अँड्रॉइड फोनांवर ही सोय आधीपासूनच होती. आता अपडेट स्वतःहून दारी येऊ लागले. रात्री फोन चार्जिंगला लावावा आणि सकाळी तो थोडा वेगळा होऊन हाती यावा, असा नवा व्यवहार सुरू झाला. वस्तू विकल्यानंतरही तिच्या अंतरंगात हात घालण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहिला आणि ग्राहकाकडे उरले ते होकार देण्याचे किंवा टाळण्याचे बटण.

४/ त्या होकाराची किंमत २४ सप्टेंबर २०१४ रोजी दिसली. त्या दिवशी आलेले आयओएस ८.०.१ ज्यांनी तत्परतेने घेतले, त्यांच्यापैकी आयफोन ६ आणि ६ प्लस बाळगणाऱ्या अनेकांचे मोबाइल नेटवर्कच नाहीसे झाले आणि बोटाच्या ठशाने फोन उघडेना. थोड्याच वेळात कंपनीने ते अपडेट मागे घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती दिली. बाधित फोन ४०,००० हून कमी होते, असे कंपनीने सांगितले. ‘चार दिवस थांबावे, इतरांचे काय होते ते पाहावे’ हा सावध शहाणपणा अशाच प्रसंगांतून रूढ झाला.

५/ पुढच्याच वर्षी या शहाणपणाची दुसरी बाजू उघडी पडली. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ या भागातील दोष जाहीर झाले. हा भाग चित्रफिती हाताळत असे. खास रचलेला एक मल्टिमीडिया संदेश पाठवला, तर तो न उघडताही फोनचा ताबा जाऊ शकत होता. सुमारे ९५ कोटी उपकरणे या धोक्याच्या कक्षेत असल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. येथे थांबणे म्हणजे दार उघडे ठेवून निजणे होते.

६/ परंतु अँड्रॉइडच्या बहुसंख्य ग्राहकांना थांबण्या-न थांबण्याची निवडच नव्हती. गूगलने केलेली दुरुस्ती आधी चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्या कंपनीकडे, काही देशांत त्यानंतर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाई आणि मग फोनपर्यंत पोहोचे. या साखळीत महिने जात. स्वस्त फोनांच्या बाबतीत ती अनेकदा मध्येच तुटे. स्टेजफ्राइटनंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याचा प्रघात पाडला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारी ‘सुरक्षा पॅच’ची तारीख ही त्याच संकटाची निशाणी आहे.

७/ याहून गंभीर प्रसंग संयुक्त अरब अमिरातीत घडला. अहमद मन्सूर हे तेथील मानवाधिकार कार्यकर्ते. १० आणि ११ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांच्या आयफोनवर दोन संदेश आले. तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी गुपिते दुव्यावर पाहा, असा त्यांचा आशय होता. अशा माणसाला मोह पडावा असाच हा मजकूर. मन्सूर यांच्यावर यापूर्वीही हेरगिरीचे प्रयत्न झाले होते. त्यांनी दुव्याला बोट लावले नाही. संदेश कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’कडे पाठवून दिले.

८/ तपासात निघाले ते थक्क करणारे होते. दुवा उघडताच आयफोनमधील तीन अज्ञात दोषांची साखळी कामाला लागली असती आणि इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे ‘पेगासस’ हे हेरतंत्र फोनात शिरले असते. मग मायक्रोफोन, कॅमेरा, संदेश, ठावठिकाणा, काहीच खासगी उरले नसते. संशोधकांनी ॲपलला कळवले आणि २५ ऑगस्ट २०१६ रोजी आयओएस ९.३.५ हे अपडेट आले. एका माणसाने वेळीच घेतलेल्या संशयामुळे जगभरातील आयफोनना ही दुरुस्ती मिळाली.

९/ अशी दुरुस्ती दुधारी असते. ती प्रसृत होईपर्यंत दोष मोजक्यांनाच ठाऊक असतो. प्रसृत झाल्यावर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कोणीही जाणकार फरक शोधू शकतो आणि त्या फरकातून भगदाड नेमके कोठे होते, हे ताडू शकतो. म्हणजे दुरुस्ती जाहीर होताच, ती न घेतलेल्यांचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. थांबण्याची मुदत येथे फार तोकडी असते.

१०/ ती मुदत संपल्यावर काय होते, हे २०१७ मध्ये संगणकांच्या बाबतीत जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर १४ मार्च रोजी दुरुस्ती दिली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू पसरला. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, नियोजित शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने उपलब्ध होते. ते घेतले गेले नव्हते.

११/ मग २७ जून उजाडला आणि गुंता वाढला. ‘नॉटपेट्या’ हा विषाणू सुरुवातीला पसरला तो चक्क एका अपडेटमधून. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेत हल्लेखोर शिरले होते. एकदा आत आल्यावर त्याने इतर मार्गांबरोबर विंडोजमधील तोच मार्चमध्ये दुरुस्त झालेला दोष वापरला. एका अपडेटवर ठेवलेला विश्वास आणि दुसऱ्या अपडेटबाबत झालेली दिरंगाई, दोन्ही एकाच दिवशी घातक ठरले.

१२/ त्याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आली. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी या हल्ल्यात जायबंदी झाली आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठे जायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली होती. या हल्ल्यात मर्स्कचे २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले.

१३/ आता पुन्हा जानेवारी २०१७ च्या त्या अपडेटकडे वळू. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते, तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोनने एकाएकी जास्त वीज मागितली, की तिचा दाब घसरतो आणि चार्ज शिल्लक असूनही फोन बंद पडतो. आयफोन ६ आणि ६एस या फोनांबाबत अशा तक्रारी वाढल्या होत्या. आयओएस १०.२.१ ने यावर उपाय केला: बॅटरी थकलेली असेल, तर प्रोसेसरची कमाल गती आवरायची.

१४/ तांत्रिकदृष्ट्या उपाय अडाणी नव्हता. ऐन वेळी बंद पडणाऱ्या फोनपेक्षा जरा मंद फोन केव्हाही बरा. फेब्रुवारीत कंपनीने अचानक बंद पडण्याचे प्रमाण ६एस वर ८० टक्क्यांनी आणि ६ वर ७० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. सांगितले नाही ते एवढेच, की हे गतीच्या मोबदल्यात साधले आहे. परिणामी लोकांनी मंदावलेला फोन जुना झाला असे मानले आणि कित्येकांनी नवा घेतला. नवी बॅटरी घालून काम भागले असते, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

१५/ हे गुपित फोडले ते एका सामान्य वापरकर्त्याने. डिसेंबर २०१७ मध्ये ‘रेडिट’वर त्याने लिहिले, की बॅटरी बदलताच आपला ६एस पुन्हा वेगवान झाला. १८ डिसेंबर रोजी, फोनची गती मोजणारे ‘गीकबेंच’ हे साधन बनवणाऱ्या जॉन पूल यांनी अनेक फोनांच्या मोजण्या मांडून दाखवल्या. आवृत्ती बदलते तेथेच गतीचा आलेख बदलत होता. दोन दिवसांत कंपनीने कबुली दिली. २८ डिसेंबरला माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला.

१६/ मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती पाहण्याची आणि गतीवरील लगाम काढण्याची सोय आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. त्याच वेळी सॅमसंगलाही ‘नोट ४’ वर जड अपडेट लादल्याबद्दल ५० लाख युरोंचा दंड झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये ॲपलला २.५ कोटी युरो भरावे लागले. अपडेटमुळे गती घटू शकते हे ग्राहकांना सांगितले नव्हते आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाटही अनेकांना नव्हती, यावर फ्रेंच यंत्रणेने बोट ठेवले.

१७/ या प्रकरणाची खरी हानी दंडाच्या रकमेत मावत नाही. सुरक्षेची दुरुस्ती आणि गतीवरचा लगाम एकाच पुडीत बांधून दिले गेले होते. पुडीत आणखी काही असते, हे एकदा कळल्यावर लोक पुडीच नाकारू लागले. ‘अपडेट केले की फोन बिघडतो’ ही समजूत घराघरांत पोहोचली आणि तिच्यापायी मन्सूर यांच्या सावधपणातून मिळाली तशी दुरुस्तीही नाकारली जाऊ लागली.

१८/ त्यानंतरच्या काळात या पुडीच्या गाठी सोडवण्याचे प्रयत्न झाले. अँड्रॉइड १० पासून, २०१९ मध्ये, कार्यप्रणालीचे काही भाग गूगल थेट प्ले स्टोअरमार्गे दुरुस्त करू लागले. निर्मात्याच्या साखळीची वाट पाहणे तेवढ्यापुरते संपले. ॲपलने मे २०२३ मध्ये निव्वळ सुरक्षेपुरती छोटी, मागे घेता येणारी दुरुस्ती प्रथमच दिली. जुलैमध्ये अशाच एका दुरुस्तीने काही संकेतस्थळे नीट दिसेनाशी झाली. ती मागे घेऊन लगेच सुधारून देण्यात आली.

१९/ दरम्यान प्रश्नाचे स्वरूपही पालटले. ‘अपडेट का लादता?’ या तक्रारीशेजारी ‘अपडेट किती वर्षे देणार?’ ही मागणी उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी ७ वर्षांचे आश्वासन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट देणे बंधनकारक केले. २००८ मध्ये १० डॉलरला विकली जाणारी वस्तू आता ग्राहकाचा हक्क ठरू लागली.

२०/ या साऱ्या इतिहासातून पडद्यावरील त्या बटणाविषयी काही साध्या गोष्टी निघतात. सुरक्षेची दुरुस्ती फार काळ टाळू नये. संपूर्ण नवी आवृत्ती असेल, तर फोनमधील मजकुराची प्रत काढून ठेवावी आणि काही दिवस थांबण्यात गैर नाही. अपडेट फोनच्या सेटिंगमधूनच घ्यावे; संदेशातून आलेल्या दुव्यावरून कधीच नाही. फोन मंदावला, तर नव्या फोनआधी बॅटरी तपासावी. आणि अपडेट येणेच थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

२१/ संशय वाईट नाही; या इतिहासातील दोन मोठ्या सुधारणा संशयातूनच आल्या. मात्र मन्सूर यांनी संशय आला तेव्हा तो जाणकारांपुढे ठेवला आणि ‘रेडिट’वरील त्या माणसाने आपली मोजणी सर्वांपुढे मांडली. ‘नंतर आठवण करा’ म्हणून विषय बाजूला सारणाऱ्याचा संशय कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मार्च २०१७ मध्ये मन्सूर यांना अटक झाली आणि मे २०१८ मध्ये समाजमाध्यमांवरील लिखाणाबद्दल १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यांच्या सावधपणातून निघालेली दुरुस्ती तोवर जगभरच्या आयफोनांमध्ये पोहोचली होती. ज्यांनी ते बटण दाबले होते, त्यांच्या.

(समाप्त)