पाऊस सारखा, हवामान वेगळं



मे महिना आला की एक प्रश्न हमखास येतो. "अमुक देशातल्या फळाची रोपं मिळतायत. तिथंही आपल्याएवढाच पाऊस पडतो म्हणे, मग लावायला काय हरकत?" रोपं, खड्डे, ठिबक असा सगळा खर्च मातीत घालायच्या आधी जगाची हवामानं माणसानं कशी ओळखली, तो इतिहास बघू. उत्तर त्यातच आहे.

ग्रीक लोकांनी सूर्याच्या कलावरून पृथ्वीचे पट्टे पाडले: मधला उष्ण, त्याच्या दोन्ही बाजूंना समशीतोष्ण आणि टोकाला अतिथंड. इंग्रजी 'क्लायमेट' शब्दाचं मूळही 'कल, उतार' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ॲरिस्टॉटल म्हणायचा, उष्ण पट्ट्यात माणूस राहूच शकत नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे त्या हिशोबानं आपण नाहीच!

आपल्याकडं चरकसंहितेत वेगळी वाट दिसते. तिथं देशाचे तीन प्रकार आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे मोकळा, कोरडा मुलूख, तिथं खैर, बोर, शमी. आनूप म्हणजे पाणथळ, तिथं नारळ, केळी. दोन्हींची लक्षणं मिसळलेला तो साधारण. उगवतं काय, त्यावरून प्रदेश ओळखायचा.

एकोणिसाव्या शतकात व्लादिमिर कोपेनही याच वाटेनं गेला. जन्म १८४६, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. शाळा दक्षिणेला क्रिमियात. उत्तरेची थंडी सोडून खाली येताना झाडोरा कसा बदलत जातो, हे त्यानं पोरवयातच बघितलं. पुढं वनस्पतीशास्त्र शिकला, झाडांची वाढ आणि उष्णता यांवर प्रबंध लिहिला आणि जर्मनीत हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत अनेक वर्षं काम केलं.

स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ द कांदोल यानं १८७४ मध्ये उष्णता आणि ओलाव्याच्या गरजेवरून वनस्पतींचे पाच गट पाडले होते. कोपेननं त्या गटांना तापमान आणि पावसाचे आकडे जोडले आणि १९०० मध्ये जगाच्या हवामानाचं वर्गीकरण मांडलं. नंतर कित्येक वर्षं तो ते सुधारत राहिला. त्यात मुख्य प्रकार पाच: ए उष्णकटिबंधीय, बी कोरडं, सी सौम्य हिवाळ्याचं, डी कडक हिवाळ्याचं, ई ध्रुवीय. वर्षातल्या सगळ्यात उबदार महिन्याची सरासरी १० अंशांच्या खाली असेल तर ते ई. कारण साधारण तिथंच झाडांची हद्द संपते.

आपल्या कामाचा प्रकार बी. कोरडं कशाला म्हणायचं? नुसत्या पावसावरून ते ठरत नाही, हे कोपेननं ओळखलं. ऊन जास्त तिथं पाणी लवकर उडतं. उन्हाळ्यातला पाऊस हिवाळ्यातल्या पावसापेक्षा कमी टिकतो. म्हणून त्याचा हिशोब असा: वर्षाचं सरासरी तापमान गुणिले २०. पाऊस हिवाळी असेल तर एवढंच. बाराही महिने विभागून असेल तर अधिक १४०. उष्ण सहामाहीत असेल, म्हणजे आपल्या मॉन्सूनसारखा, तर अधिक २८०. पाऊस या आकड्याच्या खाली, तर प्रदेश कोरडा. निम्म्याच्याही खाली, तर वाळवंट.

आता तीन गावं घ्या. लंडन, तेल अवीव आणि आपलं अहिल्यानगर. तिन्हीकडं पाऊस ढोबळमानानं ५०० ते ६०० मिलिमीटर.

लंडन: तापमान साधारण ११, पाऊस विभागून. गरज ३६०.
तेल अवीव: तापमान साधारण २०, पाऊस हिवाळी. गरज ४००.
अहिल्यानगर: तापमान साधारण २६, पाऊस मॉन्सूनचा. गरज ८००.

पाऊस जवळपास सारखा, पण पहिल्या दोघांच्या खात्यात शिल्लक आणि आपल्या खात्यात २०० हून जास्त मिलिमीटरची तूट. इस्रायलचं ठिबक आपण आणलं, चांगलं झालं. पण तेल अवीवचा हिवाळी पाऊस काही पाइपातून येत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या थॉर्नथ्वेटनं हाच विचार पुढं नेला. पाऊस ही जमा, बाष्पीभवन आणि पिकाची तहान हा खर्च. महाराष्ट्राचे जे नऊ कृषी हवामान विभाग आहेत, कोकणापासून घाटमाथा, अवर्षणप्रवण पट्टा ते पूर्व विदर्भापर्यंत, त्यांत पावसासोबत जमीन आणि पिकंही धरली आहेत. ते बरोबरच आहे. कोपेनच्या हिशोबात माती नाही, आणि आपली रब्बी ज्वारी तर काळ्या मातीतल्या ओलीवरच उभी राहते.

तेव्हा नवीन रोप घेताना "तिकडं पाऊस किती" एवढंच विचारू नका. कोणत्या महिन्यात पडतो, तेव्हा ऊन किती असतं आणि रानात ओल किती दिवस टिकते, हेही विचारा. बांधावर आपोआप काय उगवतं, तेही बघा. बोर-बाभूळ खोटं बोलत नाहीत.

तुमच्या तालुक्याचा आकडा काढून खाली लिहा. जमा किती, गरज किती?