पहिला माळा आठवा



गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या चिठ्ठ्या निघाल्या. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर होतोय, आणि कोणाचं घर कितव्या माळ्यावर हे मांडवात स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढून ठरलं. आम्हाला सतरावा माळा आला. मुलं खूश. मी नकाशा घेऊन बसलेल्या मुलाला सहज विचारलं, "पहिला माळा कोणाला मिळाला रे?" तो म्हणाला, "काकू, पहिला माळा आठवा. खालचे सात गाड्यांचे."

चाळीत आम्ही खराखुरा पहिला माळा होतो. सोळा लाकडी पायऱ्या. चातुर्मासात महासतीजी गोचरीला यायच्या तेव्हा जिन्यावरच कळायचं. बेल नाही, हाक नाही. दार उघडंच असायचं आणि बाई (सासूबाईंना सगळे बाईच म्हणत) पदर सावरून उभ्या राहायच्या. आता सतराव्या माळ्याच्या मी पायऱ्या मोजल्या, ३०६ होतात. लिफ्ट त्यांना चालत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आमची मुलं असं बोलतात की टॉवर जणू आभाळातून पडले. म्हणून हे सगळं कुठून आलं ते जरा मुळापासून लिहिते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. मग परळ, लालबाग, वरळीपर्यंत गिरण्या पसरल्या. कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष कामाला आले, बायका-मुलं गावी राहिली. त्यांच्यासाठी चाळी झाल्या. दहा बाय बाराची खोली, पुढे गॅलरी, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. एका खोलीत दहा-पंधरा गडी, एक पाळी कामावर तर दुसरी झोपलेली. त्यांना जेवू कोण घालणार? तर खानावळवाल्या बायका. गिरणगावच्या इतिहासात संपाची पानं भरपूर असतात, या बायकांचं पान मात्र लहान असतं.

आमचा संबंध त्यांच्याशीच. आमचं किराणा-धान्याचं दुकान. खानावळवाली महिनाभर धान्य उधार न्यायची, गड्यांचा पगार झाला की पैसे द्यायची. बापूजी, म्हणजे माझे सासरे, फार दयाळू असं घरात सगळे म्हणतात. दयाळू होतेच. पण मी बी.कॉम. झालेली, लग्नानंतर वह्या मी बघायला लागले, तेव्हा दिसलं की उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा होता. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते आमच्यासारख्या वाण्यांच्या आणि सावकारांच्या उधारीतून सुटायलाच. हे लिहिताना थोडं अवघड वाटतं, पण खरं आहे.

माझं लग्न झालं मे १९८१ मध्ये, माहेर नगरचं. आठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आम्हाला वाटलं महिना-दोन महिने चालेल. पहिल्यांदा काय जाणवलं तर भोंगा बंद झाला. मला घड्याळ बघायची सवय तेव्हा लागली. मग वह्यांमध्ये जमेची बाजू रिकामी दिसू लागली. नावे, नावे, नावे. शेजारच्या चाळीतली एक मालवणकडची खानावळवाली जूनमध्ये म्हणाली, "शेट, आता देऊ नका, मी फेडू शकणार नाही." बापूजींनी तरी दिलं, त्या वर्षीचा भाव मात्र रोखीचाच लावला. वहीत तो खाडाखोड केलेला आकडा आहे, मी जपून ठेवलाय. ती बाई १९८६ पर्यंत पाच-दहा रुपयांनी फेडत होती. तिची सून पुढे आमच्याच चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहायला आली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो विरत गेला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मागे उरली जमीन. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. कागदावर किती छान हिशेब! २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळी जमीन असणार किती? भाकरीचे तीन वाटे करायचे ठरले आणि मग म्हणाले, भाकरी सोडून ताटातल्या चुऱ्याचे करा. पर्यावरणवाली मंडळी कोर्टात गेली, उच्च न्यायालयात २००५ मध्ये जिंकली, पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने २००१ चाच नियम कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. घरं सात हजारांच्या आत, अर्ज लाखाच्या वर.

तोवर लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये बॉलिंग सुरू होऊन मॉल झाला होता. १९०५ ची गिरणी, तिची चिमणी तेवढी ठेवलीय. माझा मोठा मुलगा मला हौसेने घेऊन गेला. मी चिमणीकडेच बघत राहिले, तो म्हणाला, "आई, चल ना, एसी आत आहे." खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. स्वच्छ होतं, बायकांना निवांत बसता येत होतं, कोणी टोकत नव्हतं. मग तिथेच पाकीटबंद डाळ सवलतीत मिळायला लागली आणि मी, वाण्याची सून, एकदा तीही घेऊन आले. घरी कोणी काही बोललं नाही. दुकान यांनी २०१५ मध्ये बंद केलं. लालबागची मसाला गल्ली आणि चिवडा गल्ली टिकल्या, कारण मिरची डोळ्यांदेखत कांडून घेणारी बाई पाकिटावर भरवसा ठेवत नाही.

गिरण्यांचं हे झालं, पण आमची चाळ तर गिरणीच्या जमिनीवर नव्हती. ती पडली भाड्यापायी. भाडी गोठली १९४० च्या पातळीवर, १९४७ च्या भाडे कायद्याने. शेवटपर्यंत आम्ही महिना ४८ रुपये भरत होतो. आम्ही मालकाला नावं ठेवायचो की गळकं छप्पर दुरुस्त करत नाही. ४८ रुपयांत करणार कसं, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. १९६९ मध्ये सरकारने कायदा करून अशा जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला, म्हणून आम्ही 'उपकरप्राप्त'. टेकू आले, टेकूंना टेकू आले. पुढे नियम झाला की बिल्डरने जुन्या भाडेकरूंना मोफत घर द्यायचं, त्याबदल्यात त्याला जादा एफएसआय मिळतो आणि वरची घरं तो विकतो. आधी किमान २२५ चौरस फूट होतं, नंतर ३०० झालं. आमची खोली १६० फुटांची. दुप्पट जागा, स्वतःचा संडास, आणि घर मालकीचं. गुडघेदुखीत रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाईला 'चाळीतली माणुसकी' असले लेख वाचायला देऊ नयेत. मी सही आनंदाने केली.

करारनामा मी दोनदा वाचला. कार्पेट किती, कॉर्पस किती, गाडीची जागा किती, सगळं फुटात आणि रुपयांत आहे. जिना कसा असेल याबद्दल एक ओळ नाही. आर्किटेक्टला विचारलं तेव्हा कळलं की जिना आगीच्या वेळेसाठी, बंद दाराआड, दिवे आपोआप लागणारे. आता बघा. महासतीजी लिफ्टने येणार नाहीत. आपण स्विचला हात लावला की घर असुझतं. बरं, खाली एक खोली ठेवून आपणच आहार खाली न्यावा, तर समोर आणून दिलेला आहार त्यांना चालत नाही. असं तुमच्याकडे काय करता, मला नक्की लिहा. मी मीटिंगमध्ये जिन्याला खिडकी मागितली. दोघेतिघे हसले, पण आर्किटेक्टने नकाशावर खूण केली आणि म्हणाला, हवा खेळायला हवीच होती, करतो.

राहिला माळ्याचा प्रश्न. आमची ती दुसऱ्या माळ्यावरची शेजारीण, तिला चिठ्ठीत आठवा आला. ती हिरमुसलेली. "वैनी, जन्मभर रस्त्याची धूळ खाल्ली, आता तरी वारा मिळंल वाटलं होतं." मी म्हटलं, "बदलतेस?" ती बघतच राहिली. तिला वाटलं थट्टा करते.

घरी सांगितलं तेव्हा मुलांनी फोनवरच हिशेब मांडला. विकायची वेळ आली तर वरच्या माळ्याला भाव जास्त, नऊ माळ्यांचा फरक म्हणजे काही लाख. धाकटा म्हणाला, "आई, महासतीजी वर्षातून येतात किती वेळा?" माझ्या वहीत नोंद असते. गेल्या चातुर्मासात, भाड्याच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर, अकरा वेळा. "अकरा वेळांसाठी?" तो म्हणाला. हे काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

आठव्या माळ्याला १४४ पायऱ्या. तरुण महासतीजी चढतील. मोठ्या महासतीजी आता पंचाहत्तरीच्या, त्या नाही चढणार, हे मलाही कळतं.

अदलाबदलीचा अर्ज सोसायटीच्या ऑफिसातून आणलाय. शेजारणीने आणि तिच्या मुलाने सह्या केल्या. भाडेपावती यांच्या नावावर, म्हणून आमच्याकडून सही यांची लागते. अर्ज देवघराशेजारच्या फडताळात ठेवलाय, शेवटची तारीख पुढची चतुर्दशी. काल सामायिक करून उठले तर अर्ज जागेवर नव्हता. हे गॅलरीत खुर्चीवर बसून तो वाचत होते.