तिरकी रेघ आणि 7/12

मालेगाव तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीची माझी एक फाईल आहे. प्रत्येक विहिरीसमोर गट नंबर: 12/1, 112/1, 12/10. मध्यंतरी त्यातल्या एका 12/1 चं 12/1अ करायचं होतं. शेलमध्ये 'सेड'ची आज्ञा लिहिली, एंटर मारलं आणि एरर. कारण शोधता शोधता पन्नास वर्षं मागे गेले.

सेड ली मॅकमहन यांनी 1973-74 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिला. शब्द बदलायची रीत मात्र केन थॉम्पसन यांच्या 'एड'कडून आलेली: एस, तिरकी रेघ, जुनं, रेघ, नवं, रेघ. इथे रेघ म्हणजे बांध. माझ्या 12/1 मधली रेघही सेडला बांधच वाटली! 12 हे 'जुनं', 1 हे 'नवं', पुढचं सगळं निरर्थक. गंमत म्हणजे आपल्याकडे गट नंबरातली रेघही हिश्श्यांची वाटणीच दाखवते. सातबारा तर लिहितातच 7/12.

उपाय दोन. एक म्हणजे रेघेआधी उलटी रेघ लावायची. ती अ‍ॅस्कीत आली बॉब बेमर यांच्यामुळे, आणि तीही अल्गॉलमधली 'आणि', 'किंवा'ची चिन्हं /\ व \/ अशी जोडून लिहिता यावीत म्हणून. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: एस च्या लगेच पुढे जे चिन्ह द्याल तोच बांध, म्हणून सरळ उभी रेघ | वापरायची.

मी तेच केलं, तेही मूळ फाईलवर, कॉपी न ठेवता. एरर आला नाही, आणि खरा घोळ इथेच झाला. 12/10 चं 12/1अ0 झालं. ते विचित्र दिसलं म्हणून लगेच सापडलं. 112/1 मात्र गुपचूप 112/1अ झालं. असा नंबर असू शकतो, त्यामुळे नजर अडली नाही. पण जमिनीच्या यादीशी तो जुळेना, आणि ती विहीर नकाशावरून गळाली. छापील नकाशा घेऊन गावात गेले तेव्हा त्या शेतातल्या काकांनीच विचारलं, "ताई, आमची विहीर कुठंय?"

आता नमुन्याच्या सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावते, म्हणजे गट नंबरांच्या वेगळ्या फाईलमधली पूर्ण ओळ जुळली तरच बदल होतो. निकाल नव्या फाईलमध्ये घेते, डिफ चालवून किती ओळी बदलल्या ते मोजते. एक बदलायची असेल आणि तीन दिसल्या, तर थांबते.