आजोबांची कुपाटी



पोळा जवळ आला की मला सौंसरकडची आमची बाग आठवते. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, पण आमच्या घरची धावपळ आदल्या दिवशीची, गवळाऊ जोडीला सजवायची.

नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून संत्रा आणला असं सांगतात. पुढे तो आपल्याही जमिनीत रुजला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आमचा संत्रा मात्र नागपूरच्याच बाजारात जायचा.

ही बाग जनावरांच्याच जिवावर होती. मोटेला बैल, वखराला बैल, आळ्यात शेणखत. तरी आजोबांचा नियम एकच : "सुटं ढोर बागेत नाही." बहुतेक बागाईतदार हेच मानायचे, आणि कारणंही खरी होती. शेळी नवती खुडते, साल कुरतडते. कोवळं कलम खाल्लं तर काही वर्षांची मेहनत गेली. गाय खोडाला अंग घासते, सोललेल्या सालीतून रोग शिरतो. ओल्या काळ्या जमिनीत खुरांनी माती दडपते, आणि संत्र्याची तंतुमुळं तर वरच्या थरातच असतात. म्हणून बाभूळ-बोरीच्या काट्यांची कुपाटी. गवत कापून गोठ्यात न्यायचं, शेण गोठ्यातून बागेत.

एकदा मृगात आमच्याच बागेत संत्रा तोडायला येणाऱ्या एका विधवा बाईची शेळी आत शिरली. आजोबांनी ती कोंडवाड्यात धाडली. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा, इंग्रजांचा. दंड बाईच्या मजुरीच्या मानानं भारी होता. आजीनं तो गुपचूप भरला. आजोबांना कळलं तेव्हा ते जेवायचे थांबले, पण बोलले काहीच नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र सालदाराला म्हणाले, "बाईला धुऱ्यावरचं गवत कापू दे."

आता वाटतं, झाडांबाबत आजोबा बरोबरच होते. पण आमच्या गावात बागा वाढल्या तशी पडीक जमीन कमी झाली. जिच्याकडे धुराही नाही, तिनं शेळी चारायची कुठे, हा प्रश्न कुपाटीच्या आत बसून कोणी विचारला नाही.

पुढे मोट गेली, विजेचे पंप आले. मग ट्रॅक्टर आला आणि गोठा रिकामा झाला. आज आम्ही शेणखत ट्रॉलीनं विकत आणतो आणि बागेतल्या गवतावर तणनाशक मारतो. तेच गवत कापून कोणाच्या शेळ्यांना दिलं, तर लेंडीखत आपल्याच आळ्यात येईल. आजोबांचा नियमही मोडणार नाही. यंदा आम्ही दोन घरांना तसं सांगितलं आहे.

तुमच्या बागेत काय नियम होता? घरी जुनी मंडळी असतील तर विचारून नक्की लिहा.