कराचे कागद आणि लिहिणाऱ्याची सही

आज ज्या जमिनीवर भिलाईच्या झोतभट्ट्या उभ्या आहेत, तो दुर्गच्या आसमंतातील मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, इंग्रज अधीक्षकांच्या देखरेखीची १८१८ ते १८३० ही वर्षे सोडल्यास, नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. आणि त्या राज्याचे हिशेब मराठीत, मोडी अक्षरांत लिहिले जात असताना जिच्याकडून वसूल घ्यावयाचा ती रयत मात्र छत्तीसगढी बोलणारी व बहुतांशी निरक्षर होती. १७९० च्या सुमारास सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे बांधले. परगण्यावर कमावीसदार, त्याच्या हाताखाली जमाखर्चास फडणवीस, जमिनीच्या नोंदीस वऱ्हाडपांडे, आणि गावात पिढीजात गौंटिया, अशी ती रचना होती. आपल्या नावावर काय चढले आणि त्यातून काय वजा झाले, हे देणाऱ्याने स्वतः वाचून पाहावे अशी सोय तीत कोठेही नव्हती, आणि लिहिणारा दप्तराचा नोकर असल्यामुळे त्याची निष्ठा वसुलाशी असणे स्वाभाविक होते. कर देणाऱ्याच्या बाजूने लेखणी धरणारा मनुष्य त्या काळी नव्हता. तो कसा निर्माण झाला आणि त्याच्यावर इतबार ठेवण्याची कसोटी कोणती ठरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुढे इंग्रजी अमलात जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तीवरील कर प्रथम आणला आणि १८८६ च्या कायद्याने तो स्थिर झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले, आणि वार्षिक पाचशे रुपयांखालील प्राप्तीस माफी. त्यामुळे १९०६ साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा या कराचा संबंध भातशेती करणाऱ्या कुळांशी नसून सावकार, अडते आणि कापडाचे व्यापारी यांच्याशीच काय तो येत असे. कचेरीत त्यांच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर सरकारने अंशतः आधीच देऊन ठेवले होते. १८७९ च्या विधिव्यवसायी कायद्यात वकिलांच्या जोडीस मुखत्यार आणि महसुली कामे पाहणारे प्रतिनिधी यांच्याही सनदांची तरतूद होती, आणि पुढे त्याच कायद्यात कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठून देणाऱ्या दलालांच्या याद्या करून त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. एका बाजूस सनद आणि दुसऱ्या बाजूस दलालांची यादी, या दोन कागदांत मला त्या राजवटीचे बरेचसे शहाणपण दिसते. कारण अजाण मनुष्याला विश्वासू कोण हे एकट्याने ओळखता येत नाही, त्यासाठी काही सार्वजनिक खूण उपलब्ध करून द्यावी लागते, हे त्यांत मान्य केलेले होते.

१९२२ च्या आयकर कायद्यात पुढे करदात्याचा अधिकृत प्रतिनिधी कोण याची व्याख्या करण्यात आली. त्यात नातलग, कायमचा नोकर, वकील आणि हिशेबतज्ज्ञ यांच्याबरोबर ‘आयकर व्यवसायी’ नावाचा एक वर्ग होता, आणि अनुभवाने काम शिकलेल्या कित्येक जाणत्या मुनिमांना त्यामुळे कचेरीचे दार उघडे राहिले. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट कायदा अमलात येऊन लेखापालांची संस्था स्थापन झाली. १९६१ चा आयकर कायदा आला तेव्हा जुन्या व्यवसायींचा प्रत्यक्ष चालू असलेला धंदा राखण्यात आला, आणि नव्यांना परीक्षेची वा शिक्षणाची अट लागली.

याच सुमारास भिलाई उदयास येत होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी तेथील पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत सरकारशी करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी अजून नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली, तोवर राज्यपुनर्रचना होऊन ती भोपाळला गेली होती. मुंबई–हावडा लोहमार्गावरील नागपूर, भंडारा, गोंदिया येथून, तसेच बंगाल, आंध्र, केरळ आणि पंजाबातून आलेली माणसे सेक्टरांतील घरांत शेजारी शेजारी राहू लागली. त्यांपैकी अनेकांच्या घराण्यात महिन्याचा ठराविक पगार आणणारा तो पहिलाच मनुष्य. आयकराची मर्यादा तेव्हा वर्षाला तीन हजारांच्या घरात असल्यामुळे सामान्य कामगाराला त्याची झळ नव्हती. पण पगार वाढले, महागाईभत्ता वाढला, आणि कर पगारातूनच कापून जाऊ लागला, तसा या कपातीच्या दाखल्याचा ‘फॉर्म सोळा’ हा शब्द घरोघरी ऐकू येऊ लागला.

कर आधीच कापला गेला असेल तर लिहिणाऱ्याची गरज काय, असे कोणी विचारील. पोलाद कामगारांच्या वेतनाचे करार १९६९ साली सुरू झालेल्या संयुक्त वाटाघाटी समितीमार्फत होतात, आणि ते पुष्कळदा मागील तारखेपासून लागू होत असल्याने मागच्या वर्षांची थकबाकी एकदम हाती येते. ती सगळी एकाच वर्षाची प्राप्ती धरली तर मनुष्य वरच्या टप्प्यात जातो आणि नाहक अधिक कर भरतो; म्हणून कायद्याने कलम ८९ ची सवलत दिली आहे. तिच्यासाठी १०ई नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यातील सात रकान्यांच्या तक्त्यात ज्या ज्या वर्षाची थकबाकी असेल त्या वर्षाची मूळ प्राप्ती, त्यात मिळवलेली थकबाकी, दोन्हींची बेरीज, थकबाकीविना कर, थकबाकीसह कर आणि या दोहोंतील अंतर, असे एकेक मांडून दाखवावे लागते. हे करण्यास जुन्या वर्षांचे कागद हवेत. जाणता करसल्लागार प्रथम तेच मागतो, ते नसतील तर परत पाठवतो, आणि १०ई आधी दाखल केल्यावाचून रिटर्न भरत नाही, कारण तो राहिला की घेतलेली सवलत नाकारल्याची नोटीस येते. ज्याने एकही जुना कागद न पाहता हिशेब पुरा केला, त्याने हिशेब केलाच नाही असे समजावे.

२००६ साली सरकारने लहान करदात्यांसाठी प्रशिक्षित विवरणपत्र-लेखकांची योजना काढली. त्या लेखकाने करदात्याकडून घ्यावयाच्या मोबदल्यास अडीचशे रुपयांची मर्यादा होती, आणि भरलेल्या विवरणपत्रावर स्वतःची सही करणे त्याच्यावर बंधनकारक होते. सहीची ही अट मला योजनेतील सर्वांत मोलाची वाटते, कारण तिने लिहिणारा प्रथमच कागदावर दिसू लागला. पुढे विवरणपत्रे संगणकावरून जाऊ लागली आणि सोय झाली. परंतु त्याबरोबर लिहिणारा पुन्हा अदृश्य झाला. करदात्याचा परवलीचा शब्द घेऊन, आपलाच ई-मेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवून, न दिलेल्या देणग्या, न काढलेले विमे आणि न घेतलेली कर्जे दाखवून मोठा रिफंड मिळवून देणारे लोक शहरोशहरी निघाले, आणि आलेल्या रकमेचा हिस्सा हाच त्यांचा मेहनताना ठरला. एप्रिल २०१८ मध्ये आयकर खात्याने पगारदारांना याविषयी जाहीर इशारा दिला. १४ जुलै २०२५ रोजी अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी सुरू झाली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत जवळजवळ चाळीस हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे खात्याने सांगितले.

त्या चाळीस हजारांतील सर्वच लबाड होते असे मला मानवत नाही. पुष्कळांनी आपल्या नावाने काय लिहिले गेले ते वाचलेही नसेल. पण कायदा ही सबब ऐकत नाही. विवरणपत्राची सत्यता करदाता स्वतः प्रमाणित करतो, आणि प्राप्ती खोटी दाखवल्याचे ठरल्यास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड त्याच्याच माथी बसतो. मध्यस्थ तोवर दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो. भोसल्यांच्या काळच्या रयतेला मोडी वाचता येत नव्हती, हे तिचे दुर्दैव होते. भिलाईच्या सेक्टरात मुलांना अभियंते करणाऱ्या आजच्या कामगाराला ते निमित्त नाही.

सार्वजनिक खुणाही आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. सीएचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटचा, सदस्यत्व क्रमांक लेखापालांच्या संस्थेच्या यादीत कोणालाही पडताळता येतो, आणि संस्थेची शाखा भिलाईतच आहे. २०१९ पासून त्याने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे तपासता येते. सर्वसाधारणपणे नफ्याच्या किंवा निष्पन्न होणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी घेणे सीएला त्याच्या आचारसंहितेने वर्ज्य आहे. तेव्हा रिफंडात हिस्सा मागणाऱ्याची योग्यता त्या एका मागणीतच कळून येते.

म्हणून भिलाईच्या आणि अन्यत्रच्याही पगारदार वाचकांना माझी विनंती आहे, की विवरणपत्राची जुलैअखेरची मुदत जवळ येण्याची वाट न पाहता आपल्या करसल्लागाराला त्याचा क्रमांक विचारावा, आयकराच्या पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल आपलाच आहे ना याची खातरजमा करावी, भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून ती ओळीओळीने वाचावी, आणि यांपैकी कशालाही जो कचरेल त्याच्या हाती आपला फॉर्म सोळा देऊ नये.